पावडरीचा दुसरा हात

चौदा मार्च, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरचे संचालक, सत्कारमूर्ती साहेब, वहिनी आणि तपासणी विभागातल्या माझ्या मंडळींनो, रीतीप्रमाणे आधी तुम्हाला वंदन हवं होतं. पण साहेबांनीच आग्रह केला, "बाई, दोन शब्द बोला." त्यांचा गौरव मला याच वेळेपासून सुरू करणं भाग आहे.

एकतीस वर्षं मी इथे मापं तपासली, शेवटची आठ स्कॅनरवर. वहिनींसाठी सांगते. हे यंत्र वस्तूवर उजेडाचे पट्टे टाकतं, ते कुठे वाकतात हे कॅमेऱ्यातून बघतं आणि माप रंगात सांगतं: बरोबर ते हिरवं, कमी ते निळं. चकचकीत धातूने त्याचे डोळे दिपतात, म्हणून आधी पांढऱ्या पावडरीचा पातळ फवारा मारायचा. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर पावडर लावलेल्या मुलीला तोंड धुवायला पाठवायच्या. इथे उलटं.

त्या चौदा मार्चच्या दुपारी पंपाचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, बारीक भरले. मी नापास केले. साहेब म्हणाले, "बाई, केसाएवढ्या फरकासाठी गाडी अडवता?"

म्हटलं, "जेवणात केस निघाला तर ताट सरकवता ना?"

साडेपाचला मी घरी गेले. सहा दहाला शाफ्टवर पावडरीचा दुसरा, जाड हात बसला. शाफ्ट अंगाने भरले, अहवाल हिरवागार झाला. खाली नाव माझं.

पुढे पंप गळायला लागले, तेव्हा साहेबांनी पत्र लिहिलं: बाईंची नजर अधू झाली आहे. ते अजून माझ्या फायलीत आहे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मला निरोप दिला तो फाटकावरच्या वॉचमनने.

मागच्या पडद्यावर साहेबांची छायाचित्रं चालू आहेत. आता लागलंय ते मी दिलं, त्या संध्याकाळच्या स्कॅनचं. हिरव्या शाफ्टवर हा निळा डाग बघा. उचलताना अंगठ्याने पावडर पुसली गेली आणि तेवढ्याच जागी खरं, बारीक माप उमटलं. कोपऱ्यात वेळ आहे. त्या वेळी स्कॅनरची खोली ज्या कार्डाने उघडली, ते साहेबांचं. अंगठा कुणाचा, हे मी विचारत नाही. साहेबांनी हात खिशात घातलेत, राहू द्या.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर वहिनींनी क्षमा करावी. त्यांचा यात दोष नाही.

अध्यक्ष महाशय, ते पत्र रद्द केल्याचं लेखी उत्तर मला येत्या सोमवारी सकाळी अकराच्या आत हवं, साहेबांच्या सहीनिशी. तोंडी दिलगिरी मी घेणार नाही.