विचारलं मला होतं

दवाखान्यात शेजारच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. आईच्या गळ्यात शिवणकामाची टेप तशीच राहिली होती.

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, आई. आता कुरकुर पुरे."

"मग हात का उचलवत नाही गं? कात्रीसुद्धा धोंड्यासारखी लागते."

"वय झालं."

"आणि भूक? तीही म्हातारी झाली?"

"डॉक्टरांनी विचारलं की, मन रमतं का म्हणून. मी सांगितलं, मजेत असते."

"विचारलं मला होतं."

"मग बोलायचंस ना!"

"तू घड्याळ बघत होतीस."

माझी आई होती तेव्हा इथंच, तिच्याऐवजी मीच उत्तर दिलं होतं. मी माझ्या नंबरचा कागद त्या मुलीपुढे धरला.

"आईंना परत आत जाऊ दे. तू इथं माझ्याजवळ बस."