सहा पॉइंटांचा दम

अरे, शहाऐंशी साली मी बी.कॉमला दुसऱ्यांदा नापास झालो आणि घराबाहेर पडणंच सोडलं. मुलुंडचा माझा मित्र सतीश मला ओढून त्याच्याकडे खेळायला घेऊन गेला. त्याच्या मावसभावाने अमेरिकेहून फासे टाकून लढाया करायचा एक खेळ आणला होता; त्यात प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, आणि खेळ सतीश चालवायचा.

मी योद्धा झालो होतो, आणि त्या योद्ध्याचे पॉइंट संपत आले. संपले की तो मेला, आणि जादूने बरं करणारं कोणी उरलं नव्हतं. आमच्या कॉलेजातली नंदा खेळात सेनापती होती; ती त्याला म्हणाली, "ऊठ रे, तुझ्याशिवाय किल्ला हातचा जाईल."

सतीशने मला सहा पॉइंट परत दिले.

"नुसत्या बोलण्याने जखम कशी भरेल?" मी विचारलं.

"पॉइंट म्हणजे लढायचा दम रे. कोणी हाक मारली की परत येतो."

मी नंदाला विचारलं, "तू योद्ध्यालाच म्हणालीस ना?"

"त्यालाही," ती म्हणाली. "ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म आणलाय. भर."

तिच्याच पेनाने भरला, आणि ऑक्टोबरात पास होऊन सुटलो.