चार जानेवारीचं झाड

इंग्लंडात लेस्टरला येऊन चाळीस वर्षं झाली, तरी मराठी कानावर पडलं की अरुणाबाईंची मान वळायचीच. निवडलेलं झाड धरून त्या ख्रिसमस ट्री विकत घ्यायच्या रांगेत होत्या; पुढे एक सासू-सून उभ्या होत्या.

"मंजिरी, हे परत ठेव. फांदी ओढली तर पानांच्या सुया हातात आल्या बघ."

"आई, हे चौथं झाड! सगळी सारखीच असतात हो."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालीस. हॉस्पिटलची ख्रिसमसची ड्यूटी संपवून तुझी लेक ईशिता चार जानेवारीला घरी आली, तेव्हा नुसता खराटा उभा होता. पोर आल्या आल्या गालिच्यातल्या सुया हूवरने ओढून काढत बसली."

"मग प्लास्टिकचं घेऊ या."

"मुळीच नाही. त्या झाडवाल्याला सांग, बुंधा खालून इंचभर काप. निशिगंधाच्या दांड्या कापतो ना, तसाच. ताजा काप पाणी पितो. पाणी रोज मी घालीन."

"आणि ठेवायचं कुठे? जागा फक्त तुमच्या खुर्चीशेजारी. तिथे गरम रेडिएटर आहे, आठवड्यात वाळेल."

"तो बंद ठेवायचा."

"तुम्ही बसणार तशा थंडीत? सप्टेंबरपासून हीटिंग लावा म्हणून मागे लागणाऱ्या?"

"ईशिता यंदाही चार तारखेलाच येणार, तोवरच ना? दोन शाली आहेत माझ्याकडे."

अरुणाबाईंनी आपल्या झाडाची फांदी ओढून पाहिली. मूठभर सुया हातात आल्या. रांग सोडून त्या दुसरं झाड बघायला निघाल्या.