झेलणारी

नाही पोरी, ते माईक राहू दे खाली, अगोदर चहा पी—तू माह्या पोराच्या, अश्वजितच्या हाताखाली शिकली, मले नातीसारखीच, म्हणून सांगून राहिली. गळा माहा अजून चांगला हाय. गळ्याची गोष्ट नाही.

तू रोवणा पाहिला का कधी? नाही ना. बांधीत धान रोवताना बायांच्या दोन रांगा असतात—एक रांग गाण्याची ओळ टाकते, दुसरी झेलते. कोणी झेललीच नाही, तर टाकणारीचं तोंड उतरते. अश्वजित तिथंच वावराच्या धुऱ्यावर झोपून मोठा झाला. मंग विहारातली पेटी वाजवली, नागपूरले गेला, परदेशात शिकला, युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाला—अन् संगीत कसं लिवे? ना ठेका, ना चाल. आपल्या गावातले, दिघोरीतले म्हणत, हे लोकं वाजवून राहिले का नुसते वाद्यं जुळवून राहिले? तो हासे. मलेही कळत नव्हतं बाई, खोटं कायले बोलू!

पण नागपूरच्या हॉलात त्याचा कार्यक्रम, मी पहिल्या खुर्चीवर—त्यानं हातातली काडी हलवली अन् व्हायलिनवाल्यांनी माही ओळ टाकली. माही, रोवण्याची! अन् सारे चूप. मले वाटलं, कोणीच कसं झेलत नाही? पोराचं तोंड उतरन ना—मीच झेलली, बसल्या जागेवरून, मोठ्यानं. लोकं माना उंचावून पाहत, मी लाजून मेली. मंग तो खाली आला, माहा हात धरला, म्हणे, "माय, ती जागा तुह्यासाठीच ठेवली होती."

तवापासून पुणं असो का जर्मनी, कार्यक्रमात तो मले फोन लावून ठेवे. ओळ आली का मी इकडून झेलायची—एकदा तं चिखलात उभी राहून झेलली, बाया हासून हासून खाली बसल्या. अन् यंदा उन्हाळ्यात वर्गात शिकवता शिकवता गेला. इकडं माही भाकर तव्यावर होती. आता तू म्हणतेस, आजी, तेवढा आवाज भरून द्या, त्याच्या आठवणीच्या कार्यक्रमात लावू. पण टाकणाराच नाही, तं मी झेलू कोणाची वं?

बरं, लाव. इतक्या दुरून आली तू. त्याच्या तालमीतलं रेकॉर्डिंग हाय म्हणतेस? लाव... हं, हे व्हायलिन. आता येईल माही ओळ, पाह्य. आली—

ऐकलं? खाकरला. तोच हाय तो. ओळ टाकून झाली का असाच खाकरे—वाट पाहून राहिला माही—

नाही निघत आवाज. बंद कर पोरी, बंद कर ते. जाय आता, लाखांदूरची यष्टी लागली असन.