साहेबांची घाई

आरटीओत लायसन्स रिन्यू करायला आलेल्या टॅक्सीवाल्यांची ड्रायव्हिंग टेस्ट चालू होती. एक टॅक्सीवाला आतून येऊन माझ्या बाकावर, आपल्या दोस्ताशेजारी टेकला.

“झाली टेस्ट?”

“नापास. बेफाम चालवतो म्हणे.”

“तू? तुझ्या गाडीत माझी सासूसुद्धा झोपते.”

“सकाळी टेस्टवाले साहेब माझ्याच टॅक्सीने आले. उशीर झाला होता. म्हणाले, दामट, सिग्नलबिग्नल बघू नकोस.”

“आणि तू दामटलीस.”

“वेळेत पोचवलं. पाठ थोपटली त्यांनी.”

“मग टेस्टला तरी हळू चालवायचीस.”

“घेतलीच नाही. म्हणाले, तुझं चालवणं सकाळीच पाहिलंय.”

“मग आता इथे कशाला बसलायस?”

“साहेबांना घरी सोडायचंय. पाहुणे यायचेत त्यांच्याकडे. तूच थांब म्हणाले, पास झालेले फार हळू चालवतात.”