पिंप नसलेला पंप

...नाही, पण माझी चूक काय, ते तरी सांगा! पितळ घासलं, एवढंच ना? तुम्हाला सांगतो, यॉर्कशरमध्ये पब चालवायचा तर तळघरातल्या पिंपातून बिअर ओढायचा काउंटरवरचा हातपंप लखलखलाच पाहिजे. म्हणून चारही पंप घासले, त्यांच्यावरच्या बिअरच्या नावाच्या पाट्या पुसल्या, परत लावल्या... आणि चारही लावल्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून! आता चौथी पाटी कायम उलटी असायची. पिंप संपलं की पाटी फिरवायची, ही आमच्याकडची रीत, आणि ते पिंप संपून तीस वर्षं झालेली. पंप नुसता शोभेला. खाली नळीच नाही हो!

भर दुपारी तीन वाजता, रिकाम्या पबात, कोपऱ्यातून आवाज... ओलसर, तळघरातून यावा तसा. "ए पोरा, त्या चौथ्यातली एक दे." वळून बघतो तर खुर्चीत कुणी नाही! पण पाटी समोर असली की नाही म्हणता येत नाही ना? हात सवयीने गेला, दांडा ओढला... आणि आली की! गार, नितळ, वर बोटभर फेस. आणि खाली नळीच नाही हो!

ग्लास कोपऱ्यात ठेवला नि लांब उभा राहिलो. बिअर उतरायला लागली! एक घोट, काचेवर फेसाचं एक कडं. दुसरा घोट, दुसरं कडं. आणि पिणारं तोंडच नाही! घाबरलो, अहो, सपशेल घाबरलो.

बायकोला, हिल्डाला, सांगितलं. ती बॅग भरूनच खाली आली. "क्लिफर्ड, आत्ताच्या आत्ता पाटी फिरव, नाहीतर मी चालले बहिणीकडे, कायमची!" एकवीस वर्षांचा संसार हो! गेलो फिरवायला, तर कोपऱ्यातून अगदी शांतपणे, "का रे, पिंप संपलं?" आता संपणार कसं? असेल तर संपेल ना! आणि पिंप चालू असताना पाटी फिरवायची? माझा हातच उठेना.

"हो बाजूला, मी फिरवते," म्हणत हिल्डा आली. पंपाच्या तोंडाशी थेंब लोंबत होता, तो तिनं बोटानं पुसला, चाटला... आणि थांबली. मग चक्क ग्लासभर ओढली. "हिल्डा, नको गं!" प्यायली! डोळे मिटून म्हणते, "क्लिफर्ड, एकवीस वर्षं तू मला पाजत काय होतास रे?" बॅग तिथेच टाकली, सरळ कोपऱ्यात गेली आणि त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "सरका जरा."

खुर्ची सरकली.

आता कुठे जात नाही ती. रोज तीनला बसतात दोघं. मी आपला तळघरात माझ्या तीन पिंपांना जपत असतो, आणि वरून एकदम दोन आवाज येतात, "क्लिफर्ड, ग्लास काठोकाठ नाही रे!"

जातो वर... भरतो. काय करणार!