रोटीवरचे तीन गोल

नाव जिलाली, बापाचे नाव तय्यब, आडनाव बेरिक्सी. वय ४६ वर्षे. धंदा फोटोग्राफर, स्वतःचा स्टुडिओ. राहणार चांभार गल्ली, ऐन झितून, त्लेमसेनकडचा मुलूख, अल्जीरिया. तारीख १२ नोव्हेंबर १९५७, सकाळचे सव्वानऊ.

ठाण्यात समक्ष बसून, दुभाष्यामार्फत विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी एकटाच राहतो. पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. थोरली बहीण यमिना, विधवा, वरच्या आळीत सासरच्या घरी राहते. माझ्या जेवणाची रोटी तिच्याकडून येते.

गेल्या वर्षी फ्रेंच सरकारच्या हुकमावरून गावातल्या बायकांचे ओळखपत्राचे फोटो मी काढले. प्रत्येकीला डोक्यावरची चादर काढून भिंतीशी बसवले होते आणि दारात शिपाई उभे होते. तेव्हापासून पुष्कळ लोक माझा सलाम घेत नाहीत. गावच्या रोटीच्या भट्टीवाले कद्दूरचाचा यांची बायकोही त्यात होती. ते चौदा महिने माझ्याशी बोललेले नाहीत. त्या कामाची मला लाज वाटत होती आणि फोटो उत्तम आले होते. दोन्ही खरे आहे.

२ ऑक्टोबर रोजी एक अनोळखी इसम दुकानात आला. डोंगरावर सरकारशी लढणाऱ्या लोकांना फोटो काढून हवेत, सरहद्दीपलीकडे पाठवायचे आहेत, असे म्हणाला. बळजबरी झाली असे लिहून दिल्यास बरे पडेल, असे दुभाष्याने आत्ता सुचवले. बळजबरी झाली नाही. मला विचारले आणि मी गेलो.

वाटेत डोळे बांधले होते, त्यामुळे जागा सांगता येत नाही. तेथे सतरा-अठरा माणसे होती. खरी नावे माहीत नाहीत. त्यांच्या म्होरक्याला सगळे मास्तर म्हणत. मी आपण होऊन गेलो म्हणून तो खूश होईल असे मला वाटले होते. तो म्हणाला, "त्यांच्यासाठी आमच्या बायकांची तोंडं काढलीस. आता आमच्यासाठी बिनतोंडाचे फोटो काढ. एक जरी चेहरा दिसला, तर त्याचं घर जळतं."

त्याप्रमाणे मी एका दिवसात छत्तीस फोटो काढले. पाठी काढल्या, हात काढले. एक जण टायरच्या पट्टीने बुटाचा तळ शिवत होता. एक जण दुसऱ्याची दाढी करत होता. एक जण गुडघ्यावर पाटी घेऊन चौघांची पत्रे लिहीत होता आणि चौघेही त्याला एकदमच मजकूर सांगत होते. बंदुका मुद्दाम बाजूला ठेवायला लावल्या. एक टकला पाठमोरा बसता बसता म्हणाला, "फोटोवाले, माझं टक्कल झाका हां. आमच्या गावात मला तोंडावरून कोण ओळखतं?" सगळे हसले. मास्तर हसला नाही. त्याने टकल्याला टोपी दिली.

दुपारी सर्वांनी ऑलिव्ह, तेल आणि रोटी खाल्ली. रोट्या आधीच तेथे होत्या, कोणी आणल्या मला माहीत नाही. रोटीत बडीशेप होती. मला आईची आठवण झाली.

शेवटचे वाक्य खोडावे अशी मी विनंती केली. खोडता येत नाही असे सांगण्यात आले.

९ नोव्हेंबर रोजी माझ्या दुकानाची झडती झाली. फोटो धुण्याच्या औषधाच्या डब्यात त्या छत्तीस फोटोंचा रोल मिळाला. तो मी वेळेत पुढे द्यायला हवा होता. धुतल्यावर फोटो इतके चांगले निघाले, की हातातून सोडवेनात. चूक माझी आहे.

आज ठाण्याच्या साहेबांनी एकतिसावा फोटो मोठा करून समोर ठेवला. त्यात पसरलेल्या कापडावर दोन रोट्या आहेत आणि त्या तोडणारे हात आहेत. साहेबांनी भिंग दिले. वरच्या रोटीवर शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाचे तीन गोल आणि त्यांच्यामध्ये किल्लीचा ठसा स्पष्ट दिसतो. आमच्या गावात सगळ्यांची रोटी एकाच भट्टीत भाजली जाते, म्हणून प्रत्येक घर कच्च्या पिठावर आपली खूण उठवते. हे साहेबांना कोणी सांगितले ते मी विचारले नाही. मी दिवसभर चेहरे टाळत होतो. रोटीकडे माझे लक्ष गेले नाही. सुमार फोटोग्राफर असता तर खूण पुसट आली असती.

मी पाणी मागितले. ते देण्यात आले.

ही खूण यमिनाच्या घरची आहे काय, असे विचारता सांगतो की, नाही. ती आमच्या आईची खूण आहे आणि आता माझ्या घरची आहे. त्या दोन रोट्या मी स्वतः मळल्या आणि फडक्यात बांधून वर नेल्या. आधी माहीत नाही म्हणालो ते भीतीने. यमिना सासरची खूण उठवते. साहेबांनी या जबाबाची सुरुवात वाचायला लावली. रोटी बहिणीकडून येते असे मीच सांगितले होते. त्यावर सांगतो की, ती फक्त शुक्रवारी येते. साहेब म्हणाले, पुरुषमाणूस कणीक मळतो? मी म्हणालो की, रंडक्या माणसाला सगळे यावे लागते.

यावरून साहेबांनी कद्दूरचाचांना बोलावणे पाठवले. अकरा वाजून दहा मिनिटांनी ते आले. हाताला पीठ तसेच होते. तीस वर्षांत त्यांनी एकाही घरची रोटी दुसऱ्या घरी जाऊ दिलेली नाही, हे गावात सर्वांना माहीत आहे. त्यांना फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला. तेवढा वेळ मी माझ्या बुटांकडे पाहत होतो.

ते म्हणाले, "ही याची. रोज सकाळी स्वतः कच्च्या रोट्यांची फळी घेऊन येतो. धड मळता येत नाही, कडा चिरतात. सगळी गल्ली हसते याला."

मी आजवर एकदाही भट्टीवर फळी नेलेली नाही. हे वाक्य लिहू नये असे दुभाष्याला हळूच सांगितले आहे.

साहेबांनी कद्दूरचाचांना जायला सांगितले. ते दारापर्यंत गेले, वळले, आणि चौदा महिन्यांनी माझ्याशी बोलले. "जिलाली, उद्यापासून तुझी रोटी कुठं पोचवू?"

साहेब म्हणाले, त्याची गरज पडणार नाही.

त्यानंतर बाजूच्या खोलीत माझे दोन फोटो काढण्यात आले, एक समोरून आणि एक बाजूने. दिवा फार जवळ होता. मी तसे सांगितले. हलू नकोस असे सांगण्यात आले.

माझा हा जबाब दुभाष्याने मला अरबीत ऐकवला. एक वाक्य त्याने वाचले नाही, मीही विचारले नाही. बाकी माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. रोटीवरची खूण माझ्या घरची आहे, एवढे पुन्हा एकदा लिहून घ्यावे, म्हणजे खाली सही करतो.

जिलाली बेरिक्सी